मांडे आणि खापर



'मनात मांडे खाणे' हा वाक्प्रचार मी वर्गात निदान तीस वर्षे शिकविला. अर्थ सांगावयाचा 'नुसती मनोराज्ये करणे'. मुलांनी तो वहीत उतरून घ्यावयाचा, एका वाक्यात उपयोग करून दाखवावयाचा, आणि पुढील वाक्प्रचाराकडे वळावयाचे. एके वर्षी एका मुलाने उभे राहून विचारले, "गुरुजी, मांडेच का? लाडू का नाहीत?" मुलगा घाटावरचा होता. आमच्या बुलढाणे जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग आहेत, हे श्रोत्यांपैकी पुष्कळांस ठाऊक असेलच. मेहकर, चिखली, सिंदखेडराजा हा घाटावरचा मुलूख. मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद हा घाटाखालचा, खानदेशास लागून असलेला. मांडे मुख्यत्वे घाटाखालचे. त्या मुलाने मांडा पाहिलाच नव्हता. मी त्यास काहीतरी उत्तर देऊन बसविले. पण तो प्रश्न मजजवळ राहिला, आणि सेवानिवृत्तीनंतर थोडेफार वाचन झाले तेव्हा त्याचे उत्तर सापडले असे मला वाटते. तेच आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे.

प्रथम मांडा म्हणजे काय ते सांगतो, कारण पुण्यामुंबईच्या श्रोत्यांस पुरणपोळी ठाऊक असते, मांडा ठाऊक असतोच असे नाही. आणि बेळगावकडील श्रोत्यांस जो मांडा ठाऊक आहे तो साखरेचा, तुपाचा, घडी घालून कडक केलेला, लग्नकार्यात वाढावयाचा. आमचा मांडा मऊ, पुरणाचा, आणि आखाजीचा. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, वैशाख शुद्ध तृतीया. आंब्याचा रस आणि मांडे यांच्याविना घाटाखाली आखाजी होत नाही.

आदल्या रात्री गहू पाण्याचा हात लावून ओलवावयाचे आणि फडक्यात बांधून ठेवावयाचे. पहाटे दळावयाचे आणि पीठ वस्त्रगाळ करावयाचे. वर राहील तो रवा बाजूस. या पिठात चवीपुरते मीठ आणि तुपाचे बोट घालून सैलसर कणीक भिजवावयाची, ती काही काळ पाण्यात बुडवून ठेवावयाची, आणि मग तिंबावयाची. हे तिंबणे खरे कष्टाचे. कणीक ओढली असता तुटू नये, दोरीसारखी लांबावी, इतकी ती आपटून आपटून मुरवावी लागते. पुरण हरभऱ्याच्या डाळीचे, गुळाचे किंवा साखरेचे, पाट्यावर वाटलेले, वेलदोडा-जायफळ घातलेले. डाळीचे वरचे पाणी म्हणजे कट, त्याची आमटी. दोन लहान लाट्या लाटून त्यांच्यामध्ये पुरण भरावयाचे, कडा दाबावयाच्या, पुन्हा थोडे लाटावयाचे. येथपर्यंतचे काम कोणतीही गृहिणी करील. पुढचे काम सर्वांस साधत नाही. लाटलेली ती पोळी दोन्ही हातांवर घ्यावयाची आणि या हातावरून त्या हातावर फिरवीत, कोपरापर्यंत खेळवीत, वाढवीत न्यावयाची. पोळपाट नाही, लाटणे नाही. पोळी आपल्याच भाराने उतरते आणि पसरते. माझी आत्या मांडा वाढवी तेव्हा तिच्या हातांतून पलीकडच्या चुलीचा जाळ दिसे, आणि पुरण मात्र एका ठिकाणी फुटत नसे. मग तो एका फेकीत खापरावर घालावयाचा. सुरकुती पडली की मांडा बिघडला. तेथे दुरुस्तीला जागा नाही.

खापर म्हणजे कुंभाराने मुद्दाम घडविलेले, रुंद तोंडाचे, गोल बुडाचे मातीचे भांडे. ते चुलीवर उपडे घालतात, आणि त्याच्या घुमटासारख्या पाठीवर मांडा भाजतो. खाली जाळ पऱ्हाटीचा किंवा तुराट्यांचा. कारण या काड्यांचा जाळ सर्वत्र सारखा पसरतो, लाकडाचा एका बाजूस धरतो. मांडा एकदाच उलटावयाचा, दोन्ही हातांनी उचलून चौघडी करावयाची आणि फडके घातलेल्या टोपलीत ठेवावयाचा. लोखंडी तव्यावर हे होत नाही. तवा खोलगट आणि लहान, मांडा दीड हाताचा.

हा प्रकार किती जुना असावा? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1129 च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातील. राजाने कोणकोणते उपभोग घ्यावेत हे सांगताना त्यात अन्नभोगाचे एक प्रकरण आहे, आणि त्यात मंडक करण्याची कृती आहे. ती वाचताना मी चकित झालो. गहू धुवावे, उन्हात वाळवावे, जात्यावर दळावे, चाळावे. पिठात थोडे तूप आणि मीठ घालून दुधापाण्यात भिजवावे. मोठ्या लाकडी परातीत हातांनी आपटून आपटून मळावे. गोळे करावेत, तळहातास तूप लावावे, तांदळाच्या पिठीवर घ्यावे, आणि हाताच्या फिरवण्यानेच ते पसरावेत. त्या मंडकांस पांढऱ्या रेशमी वस्त्राची उपमा दिली आहे. आणि ते भाजावयाचे कशावर? तापलेल्या खर्परावर! खर्पर तेच खापर. मंडक तोच मांडा. नऊशे वर्षांत शब्दाचा एखादा वर्ण झिजला, भांडे तेच राहिले आणि हातही तेच राहिले.

एक भेद मात्र ध्यानात घेण्यासारखा आहे. राजाचा मंडक गोड नाही, त्यात पुरण नाही. पुरण आवरणात गुंडाळून केलेले वेष्टिका नावाचे पक्वान्न त्याच प्रकरणात निराळे सांगितले आहे. निखाऱ्यावर भाजलेली अंगारपोलिकाही तेथेच भेटते. आमच्या वऱ्हाडातील गोवऱ्यांच्या आरात भाजलेला, वांग्याच्या भाजीबरोबर खावयाचा रोडगा तिच्या कुळातला असावा, असे म्हणावयास हरकत नाही. मंडकाची पातळ काया आणि वेष्टिकेचे गोड पोट ही दोन केव्हातरी एकत्र आली आणि आमचा पुरणाचा मांडा झाला, असा माझा तर्क आहे. तर्क म्हणूनच तो घ्यावा.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मांडेच का? याचे अर्धे उत्तर गव्हात आहे. वऱ्हाडचे रोजचे अन्न ज्वारीची भाकरी. गहू सणाचा, पाहुण्याचा, आजाऱ्याचा. माझ्या लहानपणी आमच्या पूर्णाकाठच्या गावात गव्हाची पोळी महिन्यातून किती वेळा होई, ते बोटांवर मोजता येत असे. 1972 चा दुष्काळ पडला तेव्हा मी शाळकरी मुलगा होतो. पुढील सालच्या आखाजीला आमच्या घरी रेशनच्या तांबड्या मिलोची भाकरी झाली, आणि आईने तिजवर गुळाचा खडा ठेवून पितरांस नैवेद्य दाखविला. आम्ही भावंडे त्या दिवशी मांडे मनातच खाल्ले. आज गव्हाची पोळी रोज ताटात असते, ही फार चांगली गोष्ट आहे. पण म्हणून मांड्याची दुर्मिळता आजच्या मुलांस समजावून द्यावी लागते.

दुसरे अर्धे उत्तर खापरात आहे, आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्यासाठी मुक्ताबाईची कथा आठवावी लागेल. निवृत्तिनाथांस मांडे खाण्याची इच्छा झाली. मुक्ताबाई खापर आणावयास कुंभाराकडे निघाली. विसोबा चाटी नावाच्या गृहस्थाने सर्व कुंभारांस आधीच बजावून ठेविले होते की, या संन्याशाच्या पोरांस खापर द्यावयाचे नाही. मुक्ताबाई रिकाम्या हातांनी परतली. तेव्हा ज्ञानेश्वरांनी जठराग्नी प्रदीप्त केला आणि बहिणीने त्यांच्या पाठीवर मांडे भाजले. विसोबाने ते पाहिले, त्याचा गर्व गळाला, आणि पुढे तोच विसोबा खेचर या नावाने नामदेवांचा गुरू झाला.

ही कथा आपण सर्वांनी चमत्कार म्हणून ऐकली आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. ज्ञानेश्वरांची समाधी 1296 ची. ही कथा विस्ताराने सांगणारा महीपतीचा 'भक्तविजय' 1762 चा, म्हणजे मध्ये साडेचारशेहून अधिक वर्षे गेली. तेव्हा 1296 पूर्वी आळंदीत अमुक दिवशी अमुक घडले, असे या कथेवरून सिद्ध होत नाही. परंतु कथेत चमत्काराच्या अलीकडे जो भाग आहे, तो कोणत्याही कथेकऱ्यास कल्पनेने रचावा लागला नसावा. या भावंडांकडे पीठ होते, इंधन होते, मांडे करणारे हात होते. विसोबाने पीठ अडविले नाही, पाणी अडविले नाही. अडविले ते फक्त खापर. कारण खापर घरात निर्माण होत नाही. ते कुंभाराच्या चाकावर होते, आणि कुंभार गावाचा बलुतेदार. वर्षाकाठी खळ्यावर धान्य घ्यावयाचे आणि वर्षभर गावास मडकी पुरवावयाची, असा त्याचा गावाशी करार. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' या 1915 च्या पुस्तकात देशावरच्या बलुतेदारीचे जे वर्णन केले आहे, ते वाचले म्हणजे हे यंत्र कसे चाले ते कळते. ज्याचे पोट गावाच्या खळ्यावर अवलंबून, तो गावातील बड्या माणसाचा शब्द कसा मोडील? कुंभार दुष्ट नव्हता, तो बांधलेला होता. एखादे घर वाळीत टाकावयाचे झाले तर त्या घरावर दगड मारावयास नको. कुंभारास, न्हाव्यास, सुतारास एक शब्द सांगितला की पुरे. सणाच्या दिवशी चूल पेटते आणि तिच्यावर ठेवावयास काही नसते. 'मनात मांडे खाणे' या शब्दांमागे केवळ आळशी माणूसच बसलेला आहे असे मला आता वाटत नाही. ज्यास खापर मिळाले नाही तोही तेथे बसलेला असावा.

घरी भाजलेली सणाची भाकर खरोखर केवळ घरची असत नाही, ही गोष्ट आपल्याकडेच आहे असे नव्हे. ग्रीस देशात ईस्टरच्या सणास 'त्सुरेकी' नावाची गोड भाकर करतात. तुर्की भाषेतील 'चोरेक' या शब्दावरून ते नाव आले. सुमारे सात आठवड्यांच्या उपवासात तेथील सनातनी ख्रिस्ती लोक मांस, अंडी, दूध, लोणी वर्ज्य करतात. उपवास सुटला की अंडी, दूध, लोणी आणि साखर ही सर्व त्या एका भाकरीत एकत्र येतात. यीस्टने कणीक फुगवितात, तिचे तीन पेड करून वेणी घालतात, आणि वेणीत तांबडे रंगविलेले अंडे खोवतात. तीन पेड त्रैक्याचे, तांबडा रंग ख्रिस्ताच्या रक्ताचा. वासासाठी एका रानचेरीच्या बियांतील गर आणि खिऑस बेटावरील झाडाचा डिंक घालतात. आपले हकीम ज्यास रुमी मस्तकी म्हणतात तोच हा डिंक. त्यांची भाकर किण्वाने वर चढते, आमची हाताने आडवी पसरते; दोहोंस वेळ मात्र सारखाच लागतो आणि घाई केलेली दोघींनाही खपत नाही. पण मला सांगावयाचे ते निराळेच. घरोघरी भट्ट्या येण्यापूर्वी तेथील बायका घरी मळलेली भाकर गावाच्या सामाईक भट्टीवर भाजावयास नेत. म्हणजे तेथेही पीठ घरचे आणि विस्तव गावाचा.

आखाजी हा सण मला तर कुंभाराचाच सण वाटतो. पितरांच्या नावाने पाण्याने भरलेली नवी घागर त्या दिवशी पुजतात. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे याच दिवशी सायंकाळी प्रसिद्ध घटमांडणी होते. शेतात वर्तुळाकार अठरा धान्ये मांडतात. मध्यभागी चार ढेकळे, पावसाळ्याच्या चार महिन्यांची. त्यांवर पाण्याने भरलेली घागर, आणि घागरीवर पुरी, पापड, सांडोळी, कुरडई असे पदार्थ. रात्रभर तेथे कोणी जात नाही. दुसऱ्या दिवशी सूर्योदयास मांडणीत काय हलले, काय भिजले ते पाहून पावसाचे आणि पिकांचे भाकीत सांगतात; पुरी म्हणजे पृथ्वी असा तेथे संकेत आहे. वाघ घराण्याची ही परंपरा तीनशेहून अधिक वर्षांची सांगतात. भाकितावर माझा विश्वास नाही, आणि हवामानाचे शास्त्र अशा रीतीने कळत नाही हे मी मुलांस नेहमी सांगत आलो. तरी मातीच्या घागरीवर गव्हाची पुरी ठेवून तिला पृथ्वी म्हणणाऱ्या माणसाचे मला कौतुक वाटते.

आता एक घरची गोष्ट सांगतो. ती सांगावी की न सांगावी याचा मी पुष्कळ विचार केला. 1984 साल असावे. मी नुकताच शिक्षक झालो होतो आणि गावीच राहत होतो. आमच्या आळीत एका घरच्या मुलाने जातीबाहेर लग्न केले म्हणून त्यांच्या भावकीने ते घर वाळीत टाकले होते. आखाजीच्या आदल्या दिवशी त्या घरची बाई आमच्या अंगणात आली. "मावशी, खापर देता का वो? आमचं फुटलं, अन् कुंभार म्हणते शिल्लक नाही." आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, "आमचंही तडकलं बाई." आमचे खापर तडकलेले नव्हते. ते न्हाणीच्या भिंतीशी उपडे होते, आणि मला वाटते, त्या बाईस ते दिसत होते. ती काही न बोलता गेली. मी ओसरीवर वह्या तपाशीत बसलो होतो. मी काहीच बोललो नाही. त्याच महिन्यात मुलांस मुक्ताबाईची गोष्ट मी मोठ्या रंगाने सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी आमचे मांडे झाले. चांगले झाले. आई त्या दिवशी जेवली नाही; उन्हाने डोके दुखते म्हणाली.

पुढल्या वर्षी होळीच्या सुमारास आईने कुंभारास एकाऐवजी दोन खापरे सांगितली. मी कारण विचारले, तर म्हणाली, "एक फुटलं तर असावं." आखाजीच्या आदल्या संध्याकाळी दुसरे खापर घरात दिसले नाही. सण झाल्यावर चौथ्या दिवशी ते परत भिंतीशी आले. त्याच्या पाठीवर भाजल्याचे नवे डाग होते. आम्ही दोघे त्याविषयी कधी बोललो नाही. ती गेली त्यास आता बरीच वर्षे झाली.

सामाजिक बहिष्कार हा आपल्या राज्यात आता कायद्याने गुन्हा आहे. 2016 चा तो कायदा 2017 च्या जुलैपासून अमलात आला. कायदा हवाच होता. बलुत्याची पद्धत मोडली, कुंभार रोख पैसे घेऊ लागला, आणि एका शब्दाने त्याचे चाक थांबविण्याची सोय कोणाजवळ उरली नाही, हेही चांगलेच झाले. पण त्याबरोबर खापरही जात चालले आहे. घरोघरी गॅसची शेगडी आली. तिच्या लहान ज्योतीवर मातीचे मोठे खापर मध्येच तापते आणि तडकते. धुराने डोळे गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, म्हणून चूल परत यावी असे मी मुळीच म्हणणार नाही. काही घरी लोखंडी कढई उपडी घालून मांडे करतात. शहरांतील बचत गटांच्या जत्रांत बायका लोकांसमोर खापरावर मांडे भाजून विकतात, आणि लोक रांग लावून घेतात. तेथे मी एकदा थांबलो होतो. त्या बाईचे हात माझ्या आत्याच्या हातांसारखेच चालत होते.

गेल्या आखाजीपूर्वी मी बाजारात कुंभाराच्या दुकानी गेलो. घागरी होत्या, माठ होते, पणत्याही होत्या, खापर नव्हते. वृद्ध कुंभार म्हणाला, "गुरुजी, खापर आता सांगितल्याशिवाय करत नाही. एका खापरासाठी आव्यात चार माठांची जागा जाते. पुढल्या साली होळीच्या आधी सांगा." तेव्हा त्या वर्षी आमच्याही घरी कढई उपडी पडली. सुनेने नऊ मांडे केले, त्यांतले चार फाटले. फाटलेले माझ्या ताटात आले, आणि रसाबरोबर ते उत्तम लागले. होळीच्या आधी मी कुंभाराकडे जाणार आहे. दोन खापरे सांगावयाची आहेत.